‘एक सोडून एक’ शिकवणाऱ्या लेखकास खुले पत्र

प्रति,
बुद्धिमत्ता चाचणीच्या मार्गदर्शिकेचे लेखक महोदय,



तुमचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. लिहिलं तर लोक तुम्हाला एकट्याला धरतील आणि तुमच्यासारखीच लिहिलेली बाकीची पुस्तकं दुकानांत सुखाने पडून राहतील. पत्र तुम्हाला आहे, पण त्या पुस्तकांच्या लेखकांनीही ते स्वतःला आलं आहे असं समजून वाचावं.

मी प्राथमिक शिक्षिका आहे. शाळा सुटल्यावर शिष्यवृत्तीचा जादा तास घेते. त्या तासाला मुलं तुमचं पुस्तक घेऊन येतात, कारण तालुक्याच्या दुकानात तेच मिळतं आणि पालक ते पोटाला चिमटा काढून आणतात. त्यातल्या ‘घनाची घडण’ (घडण म्हणजे दुमडला की घन होतो असा सहा चौरसांचा सपाट आकार) या प्रकरणाबद्दल मला तुम्हाला जाब विचारायचा आहे.

प्रकरणाच्या पहिल्याच पानावर लाल चौकट आहे. चौकटीत नियम: ‘एक सोडून एक पृष्ठ समोरासमोर.’ खाली सूचना: पाठ करा. पान उलटलं की घडणींची अकरा चित्रं. त्यांच्याखालीही तेच: पाठ करा. पुढे पानंच्या पानं सरावप्रश्न आणि शेवटी उत्तरसूची. तीही नुसती २, ४, १, ३ अशी आकड्यांची रांग. का, कसं, कशावरून याचं उत्तर एका ओळीतही नाही. मुखपृष्ठावर ‘हमखास’ छापायला जेवढी शाई लागली, तेवढीही तुम्हाला कारण सांगायला परवडली नाही.

आता तुमच्या नियमाकडे येते. तो जिथे लागू पडतो तिथे पूर्ण खरा आहे. घडणीत तीन चौरस सरळ ओळीत असतील तर पहिला आणि तिसरा समोरासमोर येतातच. मधला चौरस तळ माना, दोन्हीकडचे चौरस उभे करा. त्या झाल्या समोरासमोरच्या दोन भिंती. हे सांगायला दोन वाक्यं पुरतात आणि दहा वर्षांच्या मुलाला ती लगेच समजतात. ती समजली की नियम सरळ ओळीपुरताच आहे हेही त्याला आपोआप कळतं. तुम्ही कारण गाळलंत, त्याबरोबर अटही गळाली.

त्याचा परिणाम तुमच्याच पुस्तकातल्या जिन्यासारख्या घडणीत दिसतो. दोन चौरस आडवे, दुसऱ्याच्या डोक्यावर तिसरा, तिसऱ्याच्या उजवीकडे चौथा, चौथ्याच्या डोक्यावर पाचवा, त्याच्या उजवीकडे सहावा. या आख्ख्या घडणीत तीन चौरस सरळ ओळीत कुठेच नाहीत. तुमचा नियम इथे एकाही जोडीला लागत नाही. पण मुलाने तो पाठ केलेला असतो. तो बोटाने एक, दोन, तीन मोजतो आणि पहिल्यासमोर तिसरा असं ठामपणे लिहितो. प्रत्यक्षात पहिल्यासमोर चौथा येतो, दुसऱ्यासमोर पाचवा आणि तिसऱ्यासमोर सहावा. पहिला आणि तिसरा तर शेजारी असतात.

हे दिसायला अवघड आहे का? मुळीच नाही. दुसरा आणि तिसरा मिळून एक उभी पट्टी होते. पहिला चौरस त्या पट्टीच्या डाव्या अंगाला चिकटलेला आहे, चौथा उजव्या अंगाला. पट्टी दुमडली की एक डावी भिंत होणार, दुसरा उजवी. पट्टीच्या दोन अंगांना लागलेले चौरस समोरासमोर येतात, मग ते पट्टीवर कुठेही लागलेले असोत. एवढं कळलं की मुलाला लाल चौकटीची गरजच उरत नाही. बहुतेक म्हणूनच तुम्ही ते सांगितलं नसावं.

आता अकरा चित्रांची गोष्ट. सहा समान चौरस कडेला कड लावून जोडायचे, उलटसुलट आणि फिरवलेले आकार एकच धरायचे, तर एकूण ३५ आकार होतात. त्यांतल्या ११ आकारांचाच घन होतो. आकडा तुम्ही बरोबर छापला आहे. पण अकराच का, बारावा का नाही, हा प्रश्न तुमच्या पुस्तकात कोणालाच पडत नाही. वर्गात मात्र पडतो आणि त्याचं उत्तर मुलं स्वतः शोधतात.

जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, कात्री आणि चिकटपट्टी एवढं सामान पुरतं. पहिली गोष्ट मुलांच्या लगेच लक्षात येते: चार चौरसांचा दोन-बाय-दोन असा गठ्ठा आकारात असेल तर घन होत नाही. घनाच्या कोपऱ्यावर तीनच चौरस भेटतात. तिथे चार काटकोन कोंबले तर कागद सपाटच राहतो, दुमडायला जागा मिळत नाही. दुसरी गोष्ट: एका ओळीत पाच चौरस चालत नाहीत, कारण चार चौरसांत घनाभोवतीचा फेरा पूर्ण होतो आणि पाचवा पहिल्यावर जाऊन बसतो. मग लांबात लांब ओळ चार चौरसांची. उरलेल्या दोन चौरसांनी झाकण आणि तळ व्हायचं, म्हणून एक ओळीच्या वर, एक खाली. दोन्ही एकाच अंगाला लावले तर एकावर एक येतात आणि दुसरं अंग उघडं पडतं. वर चार जागा, खाली चार जागा, मिळून १६ मांडण्या. उलटवून आणि फिरवून सारख्या दिसणाऱ्या एकत्र केल्या की उरतात ६. लांबात लांब ओळ तीनची असेल तर एक, तीन, दोन अशा ओळींच्या ३ घडणी आणि तीन-तीनच्या दोन ओळी एकमेकींपासून सरकलेली १. ओळ दोनचीच असेल तर तो जिना, १. सहा, तीन, एक, एक: झाले अकरा. हा हिशोब ज्या मुलाने स्वतः मांडला, त्याला अकरा चित्रं पाठ करावी लागत नाहीत आणि परीक्षेत फिरवून दिलेली घडण पाहून तो गोंधळत नाही.

उलटा विचारही मुलांना आवडतो. घनाला कडा १२. घन उलगडून सपाट केला तर सहा चौरस पाच कडांनी जोडलेले राहतात. म्हणजे कापाव्या लागतात ७ कडा, कोणतीही घडण घ्या. आता घडणीचा बाहेरचा काठ मोजा: चौरसाच्या बाजूच्या मापाने तो नेहमी १४ भरतो, कारण कापलेल्या प्रत्येक कडेचे दोन काठ होतात. घन जोडायचा म्हणजे या १४ काठांच्या ७ जोड्या लावायच्या. जिथे घडणीत आत घुसलेला कोपरा दिसतो, तिथले दोन काठ एकमेकांना मिळणारच, कारण त्या कोपऱ्यावर तीन काटकोन आधीच भरलेले आहेत. तिथून सुरुवात करा. पुढच्या कोपऱ्यावर तीन काटकोन भरले की त्यापुढचे दोन काठही मिळतात. इथे पाठ करायला काही नाही. एक कारण धरून पुढे पुढे जायचं.

तुम्ही म्हणाल, परीक्षेत एवढा वेळ कोणाकडे असतो? शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरात दीड तासात ७५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद. एनएमएमएस या दुसऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेतल्या बौद्धिक क्षमता चाचणीत ९० मिनिटांत ९० प्रश्न. ही घाई मला तुमच्याइतकीच माहीत आहे आणि तिच्याचमुळे मी तुमच्यावर रागावले आहे. घाईत चुकीचा नियम चुकीचं उत्तरच लवकर देतो. एनएमएमएसला आठवीतली जी मुलं बसतात, त्यांच्या पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असतं. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्या पैशांवर एखाद्या मुलीचं शिक्षण पुढे चालू राहतं. तिचा एक गुण तुमच्या लाल चौकटीमुळे जातो तेव्हा त्याचा जाब तुम्हाला कोणी विचारत नाही. म्हणून मी विचारते आहे.

सगळ्यात मोठा अपराध मात्र तुमच्या उत्तरसूचीत आहे. प्रश्न असा: एका ओळीत क, ख, ग, घ, ख च्या वर च, ख च्या खाली छ. यातून कोणता ठोकळा तयार होईल? पर्यायांत ठोकळ्यांची चित्रं, प्रत्येकावर तीन पृष्ठं दिसतात. समोरासमोरच्या जोड्या क-ग, ख-घ, च-छ. ज्या चित्रात अशी जोडी एकत्र दिसते ते चूक, असं तुम्ही सांगता, तिथपर्यंत ठीक. पण उरलेल्या दोन चित्रांत ख, ग, च हीच तीन अक्षरं आहेत आणि तुम्ही त्यांतलं एक डोळे मिटून निवडलं आहे.

घडणीत पाहा. ख, ग आणि च जिथे भेटतात तो कोपरा ख चा वरचा उजवा कोपरा. त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलं तर क्रम येतो च, ग, ख. अक्षरं बाहेर ठेवून घडी घातली तर घनावर बाहेरून पाहतानाही हाच क्रम राहतो. च, ख, ग असा क्रम दाखवणारा ठोकळा या घडणीतून जन्मात तयार होणार नाही. तो आरशातला ठोकळा आहे. तुमच्या सूचीत तोच बरोबर ठरवला आहे. मुलं घरी कागद कापून पडताळतात, उत्तर जुळत नाही आणि त्यांना वाटतं, आपला कागद चुकला.

तुमचा नियम इथे किती अपुरा आहे याचा हिशोब मांडून देते. तीन जोड्यांतून एकेक पृष्ठ उचलण्याच्या रीती ८. प्रत्येक वेळी उचललेली तीन अक्षरं कोपऱ्याभोवती दोन क्रमांनी बसू शकतात. म्हणजे ‘समोरासमोरची जोडी एकत्र दिसत नाही’ या एका चाळणीतून १६ ठोकळे सुटतात. घनाला कोपरे ८ आणि प्रत्येक कोपऱ्यावर क्रम एकच. त्या १६ पैकी ८ खरे, ८ खोटे. प्रत्येक खऱ्या ठोकळ्यामागे एक खोटा ठोकळा पास करणारी युक्ती तुम्ही ‘हमखास’ म्हणून विकता. अक्षराचा माथा कोणत्या कडेकडे आहे, हे तर तुम्ही विचारातच घेत नाही. छपाई घनाच्या बाहेर येते की आत, हेही प्रश्नात लिहीत नाही. ती आत आली तर सगळे क्रम उलटे होतात.

फाशांच्या प्रश्नांतही हेच केलं आहे. नेहमीच्या फाशावर समोरासमोरच्या अंकांची बेरीज ७ असते, हे खरं. पण प्रश्नात तसं सांगितलेलं नसेल तर ते गृहीत धरायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? घनाच्या सहा पृष्ठांवर १ ते ६ हे अंक ३० वेगवेगळ्या रीतींनी लिहिता येतात. बेरीज ७ ची अट पाळणाऱ्या त्यांत फक्त २ आहेत आणि त्याही एकमेकींच्या आरशातल्या. उरलेल्या २८ फाशांना तुमच्या पुस्तकात जागाच नाही.

या सगळ्याची किंमत मुलं कशी मोजतात ते आता ऐका. दोन-चार उत्तरं सूचीशी जुळली नाहीत की एखादी मुलगी वही मिटते आणि म्हणते, ‘बाई, मला हे दिसतच नाही.’ घरचे म्हणतात, तिला तेवढी बुद्धी नाही. तुमच्या पुस्तकाच्या नावातच ‘बुद्धिमत्ता’ आहे, त्यामुळे तिलाही ते पटतं. हा सरळ अन्याय आहे, कारण मनात घडी घालणं हे शिकण्याचं काम आहे आणि त्याचे पुरावे आहेत.

१९७२ साली रॉजर शेपर्ड आणि क्रिस्टिन फेंग यांनी नेमक्या याच घडणी घेऊन प्रयोग केले. सहा चौरसांची घडण, तिच्या दोन कडांवर बाण. घडी घातल्यावर बाण एकमेकांना भिडतील का, एवढंच सांगायचं. जितक्या जास्त घड्या घालाव्या लागत आणि प्रत्येक घडीबरोबर जितके जास्त चौरस उचलावे लागत, तितका उत्तराला वेळ लागत गेला. म्हणजे माणूस मनातही कागद एकेका घडीने दुमडतो, हातांनी दुमडावा तसा. आणि हे सरावाने सुधारतं का? डेव्हिड उटाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ साली प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की आकार आणि अवकाश यांची जाण शिकवल्याने वाढते, वाढलेली टिकते आणि न शिकवलेल्या नव्या प्रश्नांतही कामी येते. ज्या मुलीला ‘दिसत नाही’ तिला दिसायला लागू शकतं. त्यासाठी तिच्या हातात कागद द्यावा लागतो. तुम्ही यादी दिलीत.

ही जाण परीक्षेपुरतीही नाही. आयटीआयमध्ये शीट मेटलचं काम शिकणारा मुलगा सपाट पत्र्यावर आधी उलगडलेला आकार आखतो, मग कापून दुमडतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमध्ये ठोकळा, शंकू, नळकांडं उलगडून काढावं लागतं आणि तिथे कितीतरी जण अडखळतात. बालभारतीने पाचवीच्या गणितात त्रिमितीय वस्तू आणि त्यांच्या घडणी यांवर धडा दिला आहे, तो याच वाटेची सुरुवात म्हणून. त्या वाटेच्या तोंडाशीच तुम्ही लाल चौकट आडवी टाकली आहे.

आणि ही वाट किती लांब जाते! आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली भूमितीवरच्या आपल्या ग्रंथात घनाकृती उलगडून सपाट काढून दाखवल्या. सपाट पृष्ठांची, कुठेही आत न खचलेली कोणतीही घनाकृती घेतली, तर तिच्या कडा कापून ती नेहमीच एका अखंड, स्वतःवर न चढणाऱ्या घडणीत उलगडता येते का? जेफ्री शेफर्ड या गणितज्ञाने १९७५ साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. तो आजही सुटलेला नाही. पाचवीच्या मुलीने लग्नपत्रिकेतून कापलेला घन आणि जगातल्या गणितज्ञांना अडवून धरलेला हा प्रश्न एकाच रस्त्यावर आहेत. हे तिला सांगितलं की तिचे डोळे चमकतात. तुमच्या पानावर तिला ‘पाठ करा’ एवढंच वाचायला मिळतं.

म्हणून माझ्या मागण्या लिहून देते.

१. लाल चौकट काढा. तिच्या जागी दोन कारणं छापा: ओळीतला मधला चौरस तळ मानला तर काय होतं आणि पट्टीच्या दोन अंगांना लागलेले चौरस कुठे जातात.

२. अकरा चित्रांखालचं ‘पाठ करा’ पुसा. तिथे प्रश्न छापा: यांतली तुम्ही किती शोधलीत? बारावी का सापडत नाही?

३. पुस्तकाच्या शेवटी कापून घेता येतील अशा जाड कागदाच्या घडणी द्या. खर्च वाढेल म्हणाल तर मुखपृष्ठाची चमक कमी करा.

४. प्रत्येक प्रश्नात छपाई घनाच्या बाहेर की आत, हे स्पष्ट लिहा. फाशाची बेरीज ७ धरायची असेल तर तसं प्रश्नातच सांगा.

५. उत्तरसूचीत प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीचं कारण लिहा. कारण लिहायला बसलात की आरशातले ठोकळे तुम्हाला स्वतःलाच सापडतील.

६. चुकलेल्या उत्तरांचं शुद्धिपत्र छापा आणि जिथे जिथे पुस्तक विकलं त्या प्रत्येक दुकानात पाठवा. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती करून चालणार नाही. या आवृत्तीवर ज्यांनी अभ्यास केला ती मुलं पुढची आवृत्ती विकत घेणार नाहीत.

हे काम एका लेखकाला थोड्या दिवसांत जमण्यासारखं आहे. मदत हवी असेल तर माझ्या वर्गातली मुलं देतील. कोणत्या प्रश्नाचं उत्तर का चुकलं आहे, हे त्यांना कारणासकट सांगता येतं. तोवर तुमचं प्रकरण मी वर्गात उघडणार नाही. इतर शिक्षकांनाही मी हेच सांगते: ज्या पुस्तकात उत्तर आहे पण कारण नाही, ते मुलांच्या दप्तरात जाऊ देऊ नका. आणि पालकांनो, दुकानात गेलात की आधी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून पाहा. तिथे नुसते आकडे असतील तर ते पुस्तक परत ठेवा आणि तेवढ्या पैशांत कात्री, चिकटपट्टी आणि कार्डशीट घ्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका